दादा घरी येतोय

चि. मनू,


दादाला मनोविकार विभागातून डिस्चार्ज मिळणार ही आनंदाची बातमी दिलीस आणि मग हळूच विचारलंस, "मावशी, तो पुन्हा आईच्या अंगावर धावून गेला तर?" बरं झालं विचारलंस. हा प्रश्न घराघरांत दाबून ठेवतात, आणि मग वेळ आली की कुणालाच काही सुचत नाही.

अमेरिकेत पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी आणि वूस्टर इथल्या मनोविकार विभागांतून घरी गेलेल्या हजाराहून अधिक रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. 1998 साली निष्कर्ष आले. पिट्सबर्गमध्ये त्याच वस्तीतल्या लोकांशी तुलना केली, तर व्यसन नसलेले रुग्ण आणि व्यसन नसलेले शेजारी यांच्या मारहाणीत फरक आढळला नाही. दारू किंवा नशा आली की मात्र प्रमाण वाढलं. आणि मार बसला तो बहुतेक घरातल्या, जवळच्या माणसांना. म्हणजे दादाला बघून रस्ता बदलणाऱ्या शेजाऱ्यांनी उगाच घाबरू नये. जपायचं आहे ते तुम्ही दोघींनी.

म्हणून घरात दारू नकोच, पाहुण्यांसाठीही नको. गोळी गालात दाबून ठेवता येते, तेव्हा पाणी पिऊन झाल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोल. टाळतच राहिला तर महिन्याच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचार. सारखा येरझाऱ्या घालू लागला, बसवेना, तर 'पुन्हा बिघडला' म्हणू नका. काही औषधांनीच तशी तगमग होते. ती असह्य असते, त्यापायी माणसं औषध सोडतात. डॉक्टरांना त्याच दिवशी कळव. डोस बदलता येतो.

'शेजारी विष घालतात' म्हणाला तर वाद घालू नकोस. 'तुला भीती वाटतेय ना?' एवढंच विचार. आवाज चढला तर दार अडवू नकोस, त्यालाही वाट हवी आणि तुलाही. आईला घेऊन सरळ शेजारी जा. त्यात लाज कसली? पोलिसांना बोलवावं लागलं तरी कचरू नकोस. आजारामुळे धोका आहे म्हणून त्याला नेलं, तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे कोठडीत ठेवता येत नाही, उपचारांसाठीच न्यावं लागतं.

घरी आणताना औषधांचा कागद, पुढची तारीख आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा, हे लिहून घेतल्याशिवाय निघू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात. फ्रिजवर चिकटव. आणि मला फोन कर, रात्री दोनला केलास तरी उचलीन.

तुझी,
मावशी