पुरेसं सोसलं का?

घटस्फोटावरचा सिनेमा संपला की थिएटरच्या पायऱ्या उतरता उतरताच माणसं निकाल देऊ लागतात. प्रेमकथा पाहून आल्यावर त्या दोघांनी प्रेम करायला हवं होतं का, यावर कोणी वाद घालत नाही. नवरा-बायको वेगळे झाले, की मात्र प्रेक्षकाचा पंच होतो. आमच्या वऱ्हाडातल्या तेल्हारा-अकोट पट्ट्यात या पंचाचे प्रश्न ठरलेले. पहिला, "एवढं काय झालतं तिले?" दुसरा, "लेकराचं काय?" त्यानं काय केलं, हे सहसा तिसऱ्या क्रमांकावर येतं. वरवर पाहता हा पंच चूक कोणाची ते ठरवतोय असं वाटतं. मला तसं वाटत नाही. चूक नवऱ्याची आहे हे त्याला बहुतेक वेळा मान्य असतं. त्याला मोजायचं असतं ते तिचं सोसणं. पुरेसं सोसलं असेल तर परवानगी, नसेल तर "थोडं सांभाळून घ्यायचं होतं". मराठी माणसानं गेल्या पंच्याऐंशी-नव्वद वर्षांत पाहिलेले सिनेमे ओळीनं मांडले, तर ही मोजपट्टी फारशी बदललेली दिसत नाही. कायदा मात्र तिच्या बराच पुढे निघून गेला.

सुरुवात 'कुंकू'पासून करावी लागते. प्रभातचा हा चित्रपट १९३७ चा, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून व्ही. शांताराम यांनी काढलेला. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा हे लग्न मनानं कधीच मानत नाही, आणि शांता आपटेंनी ती अशा काही ताठ मानेनं उभी केली की तिच्या बंडाबद्दल आजही लिहिलं जातं. पण हे बंड तडीला न्यायला दिग्दर्शकाला अखेर काकासाहेबांचा जीव घ्यावा लागला. म्हातारा स्वतःच आयुष्य संपवतो आणि नीरेला मोकळी करतो. यात शांताराम भित्रे ठरतात, असं मी म्हणणार नाही. त्या काळी, बडोद्यासारखं एखादं संस्थान सोडलं, तर हिंदू बाईला कायद्यानं लग्न मोडताच येत नव्हतं. मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला १९४७ साली, आणि वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात असल्यामुळे तो इथं लागू नव्हता. म्हणजे पुण्याच्या नीरेला जी वाट १९४७ मध्ये मिळाली, तिच्यासाठी तेल्हाऱ्याच्या नीरेला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावं लागलं.

हे अर्थात ज्या घरांत शास्त्राचा धाक होता त्यांच्यापुरतं. शेती करणाऱ्या जातींत काडीमोड आणि पाट पूर्वीपासून होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिविषयक ग्रंथात मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या कुणब्यांत फारकत आणि विधवेचा पाट दोन्ही चालत असल्याची नोंद आहे. पंच बसायचे, देणं-घेणं मिटायचं, बाई दुसऱ्या घरी नांदायला जायची. १९५५ च्या कायद्यानंही कलम २९ मध्ये रूढीनं चालत आलेला घटस्फोट शाबूत ठेवला. म्हणून "आपल्या संस्कृतीत हे नव्हतं" असं कोणी सिनेमा पाहून म्हणालं, तर कोणाच्या संस्कृतीत, असं विचारायला हवं. पणजीच्या पिढीत फारकत होऊन दुसरीकडे सुखानं नांदलेली बाई कित्येक घरांत निघेल. पुढे दोन पिढ्या शिकल्या, पाट लावणं हलकं वाटायला लागलं, आणि वरच्या जातींची प्रतिष्ठा अंगावर चढवताना तिच्यासोबत तिची कुलुपंही घरात आली.

ही गोष्ट पडद्यावर इतकी लख्ख दिसते की दुसऱ्या पुराव्याची गरज भासू नये. जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत' १९७७ चा. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, म्हणजे जन्मानं आपल्या परतवाड्याच्याच माणसाची. त्यातली ठाकर चिंधी नको असलेल्या नवऱ्याला सोडून येते आणि नाग्यावर जीव लावते. स्मिता पाटीलची ती चिंधी प्रेक्षकांनी उचलून धरली. नवरा का सोडला म्हणून तिच्यावर कुठे परिसंवाद झाल्याचं ऐकिवात नाही. पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच दिग्दर्शकाच्या 'उंबरठा'मध्ये त्याच स्मिता पाटीलनं सुलभा महाजन केली. शांता निसळांच्या 'बेघर'वर आधारलेली, तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा. सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून घराबाहेर पडते, हरून परत येते, वकील नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे हे तिला कळतं, आणि ती पुन्हा निघून जाते. तिनं मुलीला सोडून जायला हवं होतं का, हा वाद मराठी माणूस तेव्हापासून घालतोय, अजून थकलेला नाही. नटी तीच, दिग्दर्शक तोच, नवरा सोडणंही तेच. फरक एवढाच, की चिंधी रानातली. "त्यांच्यात चालतं" म्हणून तिला सूट मिळाली. सुलभा आपल्या दिवाणखान्यातली, म्हणून तिच्याकडे सोसण्याचा हिशेब मागितला गेला. आणि त्या हिशेबात ती कमी पडली, कारण गिरीश कर्नाडांचा सुभाष मारकुटा नाही, दारुडा नाही, तो तर सभ्यपणानं बोलून सगळं कबूल करतो. सभ्य नवऱ्याला सोडणाऱ्या बाईचं काय करायचं, हे प्रेक्षकातल्या पंचाला कळेना.

त्याच १९८२ साली महेश भट्टांचा 'अर्थ' आला. (त्यात स्मिता पाटील 'ती दुसरी' आहे. एका नटीला पाच वर्षांत संसाराबाहेरच्या तिन्ही जागा मिळाव्यात, हा योग विलक्षणच.) शेवटी पश्चात्ताप झालेला नवरा इंदर परत येतो आणि पूजा त्याला परत घेत नाही. वितरकांना हा शेवट बदलून हवा होता, नवरा माफी मागत असताना भारतीय बायको नाही कशी म्हणेल असं त्यांचं म्हणणं होतं, हे पूजा साकारणाऱ्या शबाना आझमींनी पुढे अनेकदा सांगितलं. शेवट बदलला नाही, सिनेमा चालला, आणि अनोळखी बायका आपापल्या संसाराच्या कथा घेऊन त्यांच्याकडे येऊ लागल्या. इथं कोणी म्हणेल, पाहा, प्रेक्षक तर उदार निघाला, तुमचा पंच गेला कुठे? तो गेला नव्हता. पूजानं सगळी किंमत मोजून झाली होती. घर गेलं, अपमान झाला, ती पाया पडली, एकटी राहिली, आणि वर नवऱ्यानं स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल केला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या त्या पूर्ण भरलेल्या पावतीवर. सुलभाजवळ ती पावती नव्हती. 'निकाह'ही त्याच वर्षीचा. त्यावरचा वाद तलाकच्या रीतीवर आणि धर्मावर सरकला, त्यामुळे त्यातल्या निलोफरच्या सोसण्याचं मोजमाप जरा बाजूला पडलं.

या मोजपट्टीचं दुसरं टोक म्हणजे १९९१ चा 'माहेरची साडी'. तोवर १९७६ ची दुरुस्ती होऊन पंधरा वर्षं लोटली होती. १९५५ च्या कायद्यात क्रूरता आणि टाकून देणं यांवर फक्त न्यायिक विभक्तता मिळायची. १९७६ पासून त्याच कारणांवर घटस्फोट मिळू लागला, आणि दोघांच्या संमतीनं वेगळं होण्याची तरतूदही आली. अलका कुबलच्या लक्ष्मीचा सासरी जो छळ होतो, तो कुठल्याही न्यायाधीशापुढे क्रूरता ठरला असता. पण अख्ख्या सिनेमात कोणालाही वकील आठवत नाही. लक्ष्मी सोसते, सोसते आणि मरते. बायका ट्रॅक्टर भरभरून आल्या, हुंदके देत बाहेर पडल्या. 'कुंकू'ला मरण लागलं कारण दार नव्हतं. इथं दार होतं, पण ते उघडलं असतं तर रुमाल कोरडे राहिले असते. मेलेल्या बाईवर आपण जितकी माया करतो, तेवढी माया माहेरी परत आलेल्या बाईच्या वाट्याला येत नाही. तिच्यासाठी ओसरीवर जागा करतानाही कपाळाला आठी पडते.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की सिनेमा हा सिनेमा असतो, रडून मन हलकं केलं म्हणून बिघडलं काय? बिघडलं काही नाही. पण गोष्टींतून नजर घडते, हे म्हणणारा मी पहिला नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली ती १८८२ साली, 'उंबरठा'च्या बरोबर शंभर वर्षं आधी. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून बायकांवर जे आगपाखड करणारं लिहिलं गेलं, ते त्यांचं निमित्त. ताराबाईंनी लोकांच्या निकालाला उत्तर दिलंच, शिवाय त्या काळच्या गोष्टींत आणि नाटकांत बाई कशी रंगवली जाते, यावरही आसूड ओढला. सिनेमाचा शोध लागण्याआधी प्रेक्षकाची उलटतपासणी आमच्या वऱ्हाडात एका बाईनं करून ठेवली होती.

"लेकराचं काय?" हा आक्षेप मात्र असा उडवून लावता येत नाही. तो केवळ आपल्याकडचाही नाही. इब्सेनच्या 'डॉल्स हाऊस'मधली नोरा १८७९ साली मुलं टाकून घराबाहेर पडली, तेव्हा जर्मनीतल्या एका नामांकित नटीनं असा शेवट करायला नकार दिला, आणि इब्सेनला मनाविरुद्ध नोरा मुलांपाशी थांबते असा दुसरा शेवट लिहून द्यावा लागला. 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'मधलं जोडपं शेवटी वेगळंच राहतं. त्यावरून बेतलेल्या 'अकेले हम अकेले तुम'मध्ये १९९५ साली दोघांना पुन्हा एकत्र आणलं गेलं. मुलाची काळजी खरीच आहे. फक्त ती कोणाला विचारली जाते, ते बघावं. मुलं सोडून दुसऱ्या बाईकडे गेलेल्या पडद्यावरच्या नवऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांच्याबद्दल "बाईच्या नादी लागला" म्हणून मोकळे होतात, लेकराचं काय हे कोणी त्यांना विचारत नाही. प्रश्न दोघांना सारखा विचारला जाईल त्या दिवशी मी त्याला मुलाची काळजी म्हणेन.

याहून जड आक्षेप पोटाचा आहे. कोरडवाहू कापसाच्या मुलखात नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईनं खायचं काय? सातबाऱ्यावर तिचं नाव सासरी नसतं आणि माहेरी तर भावांच्या पोटात गोळा येतो म्हणून ती स्वतःच मागत नाही. "सांभाळून घे" असं सांगणारी आई नेहमीच जुनाट विचारांची असते असं नाही; पुष्कळदा तिला हिशेब चांगला कळतो. हे मला पूर्ण मान्य आहे. पण यातून निघतं ते एवढंच, की बाईच्या नावावर जमीन आणि हातात कमाई हवी. तिनं आणखी थोडं सोसायला हवं होतं, हे त्यातून निघत नाही. शिवाय घटस्फोटानं घरं मोडताहेत ही ओरड आकड्यांना धरून नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या घटस्फोटितांपेक्षा विभक्त राहणाऱ्यांची संख्या जवळजवळ तिप्पट होती, आणि त्यांत बायका जास्त. यातल्या बऱ्याच जणींनी कोर्टाची पायरी चढलेली नसते. त्या नुसत्या टाकलेल्या असतात. महाराष्ट्रात संगमनेरहून परित्यक्तांचा लढा उभा राहिला तो याच बायकांसाठी. घर सोडून जाणाऱ्या एका सुलभेवर चाळीस वर्षं वाद घालणाऱ्या प्रेक्षकाला या टाकलेल्या बायकांवर एक संध्याकाळही वाद घालावासा वाटत नाही. जाणारी खुपते, टाकलेली चालते.

पुरुषांवरही अन्याय होतो, सिनेमा बाईचीच बाजू दाखवतो, अशीही तक्रार असते. तिच्यात तथ्य आहे, आणि एखाद्या चांगल्या लेखकानं ती बाजू घ्यावी. मात्र 'थप्पड' आला तेव्हा, २०२० साली, ज्यांनी "एका थपडेसाठी कोणी घटस्फोट घेतं का?" असं विचारलं, ते काही पुरुषांची बाजू मांडत नव्हते. ते भाव करत होते. एक थप्पड कमी पडते, मग किती पुरतील? हा आकडा आजवर कोणी सांगितलेला नाही. तीन वर्षांनी 'बाईपण भारी देवा'ला बायका नटूनथटून घोळक्यानं गेल्या, घटस्फोटाच्या उंबऱ्यावरची बहीण त्यांनी हसतखेळत आपली म्हटली. चांगलंच झालं. पण तिथंही नवरा उघड दोषी होता, पावती भरलेली होती.

दोष नसताना काय करायचं, हे मला पडद्यावर दाखवलं ते इराणच्या असगर फरहादींनी. २०११ च्या 'अ सेपरेशन'मध्ये पहिल्याच दृश्यात नवरा-बायको थेट आपल्याकडे बघत बाजू मांडतात, कारण कॅमेरा न्यायाधीशाच्या जागी आहे. म्हणजे पंचाची खुर्ची प्रेक्षकाला आयतीच मिळते. पुढचे दोन तास दोघांचंही पटत राहतं, निकाल काही देता येत नाही, आणि मुलगी कोणाकडे जाणार हे न सांगताच सिनेमा संपतो. अनेकांना तो शेवट अपुरा वाटतो. मला तोच पुरा वाटला.

आपल्या कायद्यातलं कलम १३-ब असंच आहे. दोघं वर्षभर वेगळे राहत आहेत, एकत्र राहणं जमलेलं नाही, आणि लग्न संपवायला दोघांची संमती आहे, एवढंच त्या अर्जात लिहावं लागतं. कोण चुकलं, कोणी किती सोसलं, याला त्यात जागा नाही. १९७६ पासून असे अर्ज दाखल होताहेत. त्यातल्या एखाद्या अर्जावर, ना खलनायक ना बळी, अशा दोन साध्या माणसांवर उभा राहिलेला आणि गर्दी खेचलेला मराठी सिनेमा मला आठवत नाही. कोणी तरी तो काढावा. तेल्हाऱ्याहून अकोल्यापर्यंत जाऊन तिकीट काढायची माझी तयारी आहे.