पांढरी

तर झालं असं, की शुक्रवारी रात्री बिल्ड चालू होती आणि कॉलवर सगळे नुसतेच बसून होतो. अॅरिझोनातला क्लायंट सांगायला लागला, आमच्याकडे होपी लोकांचं ओराइबी गाव आहे, सुमारे 900 वर्षं सलग वस्ती! मेक्सिकोतलं चोलुला तर दोन हजारांच्याही पुढचं. मी लगेच ठोकून दिलं, माझ्या गावाजवळ पण आहे असं एक. कॉल संपल्यावर आठवलं, तिथे जाऊन मला बारा वर्षं झालीत.

माझं गाव येरमाळा. सोलापूर-धुळे हायवेवरचं, येडेश्वरीचं. जवळच तेरखेड्याला तेरणा उगम पावते, आणि पुढे तिच्याच काठी तेर आहे. म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, तिथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदरात जायचं. तेरला सापडलेली एक हस्तिदंती बाहुली तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. तिच्याचसारखी दुसरी निघाली थेट इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली! (शाळेच्या सहलीत आम्ही तिच्यासमोर उभं राहून भेळ कुठे मिळेल याची चर्चा करत होतो.)

व्यापार बुडाला, पण तेर उठलं नाही. विटांचा बौद्ध चैत्य होता, त्यात त्रिविक्रम येऊन राहिला. चोलुलात पिरॅमिडवर चर्च बसलंय, तसंच काहीसं. शिलाहार राजे कोकणात राज्य करतानाही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत राहिले. मग गोरोबाकाका आले. आणि आज सकाळीही तिथे कुणीतरी चहा टाकला असेल.

आमच्याकडे गावाच्या वस्तीला 'पांढरी' म्हणतात आणि शेताला 'काळी'. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, की पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण सगळं मिसळून माती पांढुरकी होते. तेरच्या टेकाडांत खापरं, मणी, नाणी मिळाली ती याच मातीत. आणि गावोगावच्या अशा टेकाडांची माती लोकांनी उकरून नेली ती माळवदावर घालायला, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. आमचे आबा दर मे महिन्यात तेच करायचे. गावाकडेच्या टेकाडाची पांढरी आणायची, माळवदावर पसरायची, ठोकायची. एक वर्ष चुकलं, की घर गळणार. आमच्या भाषेत सांगायचं तर अपटाईम असा फुकट मिळत नाही.

आजी गेली तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, आमच्या घराला कुलूप आहे.

शनिवारी अण्णांचा फोन आला. "गिऱ्हाईक आलंय. एक खण खचलाय, आता घराचे कोण देतंय, जागेचे पैसे येतील. काय करायचं?"

मी म्हटलं, "मेपर्यंत थांबा की अण्णा. मी येतो माती टाकायला."

अण्णा हसले. "तू? आरं, माती कुठून आणायची ते तरी ठाऊक आहे का तुला? ते टेकाड कधीच सपाट झालं. तिथं प्लॉट पडलेत."

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी मॅनेजरला रजेचा मेल टाकलाय, मे महिन्याचा पहिला आठवडा. अण्णा गिऱ्हाइकाला थांबवतो म्हणालेत. मेपर्यंतच.