आरसा कशाला?

दुखणं सांगताना शब्दांच्या आधी हात का उठतो? ‘काय होतंय?’ असं डॉक्टरांनी विचारलं की एक जण मूठ आवळून छातीच्या मधोमध टेकवतो, दुसरी तळवा फिरवते, तिसरा एकाच बोटाने जागा दाबतो. आवळलेल्या मुठीला बॉस्टनचे हृदयविकारतज्ज्ञ सॅम्युअल लेव्हाइन यांचं नाव मिळालंय. हृदयाच्या दुखण्याची खूण म्हणून ती विद्यार्थ्यांना शिकवतात.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. पण दुखणं मनगटावर नसतं. ते आत असतं, खुद्द रुग्णालाही न दिसणारं. म्हणजे इथे कांकण आत आणि हातच आरसा! त्यातही हा आरसा जागा बदलून दाखवतो. खडा पित्ताशयात, पण हात वळतो उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे. कळ हृदयाची, आणि बाई जबडा धरून बसते किंवा डावा दंड चोळत राहते. अपेंडिक्स सुजलं की आधी तळवा बेंबीभोवती फिरतो. काही तासांनी बोट खाली उजवीकडे जाऊन एका जागी थांबतं. आतल्या अवयवाच्या आणि दूरच्या कातडीच्या नसा मज्जारज्जूत एकाच पातळीवर शिरतात आणि मेंदू पत्ता चुकतो. हात प्रामाणिकपणे त्या चुकलेल्या पत्त्यावर जातो. तरी डॉक्टरांना ओळखीची असते ती हीच चूक, आणि तिच्यावरूनच ते मूळ जागा शोधतात. मग आरसा खोटा म्हणावा की खरा?

मुठीचंही तसंच. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात छातीच्या दुखण्याने दाखल झालेल्या रुग्णांचे हात पाहिले गेले. मूठ दाखवली दहातल्या साधारण एकाने. छातीवर तळवा पसरणारे कितीतरी जास्त होते. मुठीवरून हृदयविकार खात्रीने ओळखता येईना. एका बोटाने नेमकी जागा दाखवणारे मोजकेच, पण त्यांचं दुखणं बहुधा हृदयाचं नव्हतं. अर्थात, केवळ बोटावर विसंबून कुणी घरी बसू नये.

काही वेळा हात नुसतं सांगून थांबत नाही. मनगटातली नस दबलेल्यांना रात्री मुंग्यांनी जाग येते आणि ते हात झटकतात, तापमापक झटकावा तसा. कॅनडातले मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम प्राइस-फिलिप्स यांनी 1984 मध्ये या झटक्याकडे निदानाची खूण म्हणून लक्ष वेधलं. त्रास वाढला की हाताचं काय करता, असं विचारल्यावर रुग्णांनी हात झटकूनच दाखवला. इथे दुखतो तोही हातच, उपाय करतो तोही हातच, आणि साक्ष देतो तोही. पुढच्या अभ्यासांत मात्र ही खूण तितकी भरवशाची ठरली नाही.

पण या सगळ्या खुणा हात समोर दिसला तरच. 25 मार्च 2020 रोजी आपल्याकडे दूरवैद्यकाची, म्हणजे दुरून सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत नुसत्या आवाजावरच्या सल्ल्यालाही मान्यता आहे. दूरच्या पाड्यावरच्या रुग्णाचा शहराचा हेलपाटा त्यामुळे वाचू शकतो, ही मोठीच सोय. पण ‘हितं दुखतंय’ म्हणताना त्याचा तळवा पसरलाय की बोट रोवलंय, ते फोनवर कसं कळावं? विचारून मिळालेलं उत्तर म्हणजे नकळत झालेली हालचाल नव्हे, आणि ती हालचालही फसवी असू शकते, हे वर आलंच. तरीही डॉक्टरांनी फोन ठेवण्याआधी एवढं जरूर विचारावं: तुमचा हात आत्ता कुठे आहे?