विशेष शिक्षक हवा, नवी वेस नको

आपल्या मोर्चांतल्या मागण्यांची यादी काढून बघा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, बॅकलॉग, शाळांचं खासगीकरण. सगळ्या मागण्या रास्तच आहेत. पण 'जिल्हा परिषदेच्या शाळेत विशेष शिक्षक नेमा' ही मागणी त्यात क्वचितच सापडते. अपंग मुलांचं शिक्षण म्हणजे दानशूरांच्या दयेचा विषय, असं आपणही मानतो काय?

2011 च्या जनगणनेत देशातल्या अपंगांचं प्रमाण 2.21 टक्के आहे. अनुसूचित जातींमध्ये ते 2.45 टक्के. कुपोषण, बाळंतपणात वेळेवर न मिळणारे उपचार, अंगमोड कामं यांचा वाटा ज्यांच्या पदरात जास्त पडतो, त्यांच्या घरात अपंगत्वही जास्त येतं. मग हा प्रश्न चळवळीचा कसा नाही?

मी तो घरातूनच पाहतो आहे. माझ्या बहिणीचा मुलगा आठ वर्षांचा झाला तरी त्याला अक्षर लागत नव्हतं, बोलणंही अडखळत होतं. गावच्या शाळेनं त्याचं नाव हजेरीत घेतलं, कारण कायदा आहे. बसायची जागा मात्र शेवटी, दाराजवळ. शाळा दोनशिक्षकी, वर्ग चार. गुरुजी मनाने वाईट नव्हते. पण शिकवणं, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं यातून त्यांना या एका मुलासाठी अर्धा तास निघत नव्हता. तालुक्याहून एक कंत्राटी विशेष शिक्षिका यायच्या. त्यांच्याकडे इतक्या शाळा होत्या की महिन्यातून एखादी फेरी व्हायची. त्या आल्या की भाचा जमिनीवर खडूनं अक्षरं गिरवायचा आणि दिवसभर खूश असायचा. म्हणजे पोरगं शिकत होतं. शिकवणारं माणूस रोज नव्हतं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी बहिणीला सांगितलं, "ताई, याला शहरातल्या निवासी संस्थेत ठेवा. याच्यामुळे वर्ग बिघडतो."

वर्ग बिघडतो! साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलेल्या बाबासाहेबांची आठवण आपल्याला वेगळी करून द्यायला नको. तेव्हा वर्ग 'बाटत' होता, आता 'बिघडतो'. शाहू महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवलं, ते याच मानसिकतेच्या विरोधात. आणि 'दिव्यांग' असं गोड नाव दिल्यानं ही मानसिकता जात नाही. 'हरिजन' म्हटल्यानं आपलं काय बदललं होतं?

याचा अर्थ विशेष शिक्षण नको असा नाही. अंध मुलाला ब्रेल लागते, कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषा लागते. 2016 चा अपंग व्यक्ती हक्क कायदा 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. पण जवळच्या शाळेत शिकवणारंच कुणी नसेल, तर ती पसंती कसली? ती हकालपट्टीच.

ज्यांच्याकडून आपण 1972 मध्ये 'पँथर' हे नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा अनुभव इथं कामाला येतो. 1954 च्या ब्राउन खटल्यात वेगळ्या शाळा असमानच असतात, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. हाच युक्तिवाद घेऊन पुढे अपंग मुलांचे पालक न्यायालयात गेले आणि 1975 मध्ये सरकारी शाळांवर अपंग मुलांना शिकवण्याचं बंधन घालणारा कायदा झाला. 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपंग कार्यकर्त्यांनी सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, तेव्हा त्यांना गरम जेवण पोचवत होता ब्लॅक पँथर पक्ष. लढे असे जोडले जातात.

पण त्याच शहराचा दुसरा धडाही लक्षात ठेवा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळांत कृष्णवर्णीय मुलं 28.5 टक्के होती, तर 'मतिमंद' मुलांच्या वेगळ्या वर्गांत 66 टक्के. बुद्ध्यांक चाचणीच्या नावाखाली वंशभेदच चालू होता. पालक लढले आणि 1979 मध्ये न्यायालयानं कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत टाकण्यासाठी त्या चाचण्या वापरायला मनाई केली. आपल्याकडे वस्तीतल्या पोराची बोली 'शुद्ध' नाही म्हणून त्याच्यावर 'मंद' असा शिक्का किती सहज बसतो, हे कुणाला सांगायला हवं? तपासणी करणारा माणूस कोण, चाचणी कुठल्या भाषेत, हे आपण विचारलंच पाहिजे.

म्हणून मागणी नेमकी हवी. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात केंद्र सरकारला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला आणि त्यानुसार कायम पदं निर्माण करायला सांगितलं. त्यानंतर केंद्रानं प्राथमिक स्तरावर 10 अपंग मुलांमागे 1 आणि वरच्या वर्गांत 15 मागे 1 विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवलं. त्या प्रमाणात आपल्या जिल्ह्यात किती पदं मंजूर आहेत, किती भरली, किती कंत्राटी आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कायम पदं आली तर बिंदुनामावलीनं आपल्या विशेष बी.एड. झालेल्या मुला-मुलींनाही त्यात जागा मिळेल. शाळा व्यवस्थापन समितीत अपंग मुलाच्या आईला बसवा. आणि कमी पटाच्या शाळा बंद करून दूरची 'समूह शाळा' दाखवली जाते तेव्हा विचारा, कुबड्या घेतलेलं पोर तिथवर जाणार कसं?

संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये शिक्षण आणि अपंगत्वातलं सहाय्य एकाच वाक्यात आलं आहे. राज्याच्या आर्थिक मर्यादेचं कारणही त्याच वाक्यात आहे, आणि सरकार नेमकं तेच पुढे करतं. त्या सबबीला उत्तर दयेच्या अर्जानं मिळत नाही, संघटित मागणीनं मिळतं. पुढच्या निवेदनात हा मुद्दा घाला. शेवटचा नव्हे, पहिल्या पाचांतला.

जय भीम!