दहातले सहा

आयटीतली नोकरी सोडून मी पुण्यात हवामानशास्त्रात एम.टेक. करतोय. घरचे विचारतात, 'पाऊस मोबाइलवरही दिसतो की!'

दिसतो. पण त्यामागचं गणित बघून मी चक्रावलो. १९६१ साली एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झने कॉम्प्युटरवर हवामानाचं छोटं मॉडेल पुन्हा चालवलं; ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाकून. मॉडेलमधल्या दोन महिन्यांत आधीच्या हवामानाशी काही साम्यच उरलं नाही. कोडमध्ये बग नव्हता.

नोकरीत बग सापडला की टिकेट बंद व्हायचं. इथे मोजमापातली बारीकशी त्रुटी वाढतच जाते आणि ती पूर्ण घालवता येत नाही. म्हणून सुरुवात किंचित बदलून मॉडेल अनेकदा चालवतात. त्यातल्या किती वेळा पाऊस येतो, यावरून शक्यता काढतात. याला एन्सेंबल म्हणतात.

जूनमध्ये गावाहून काकांचा फोन येतो. 'पेरणी करू का रे?' हो म्हणावं तर बियाणं त्यांचं, नाही म्हणावं तर हंगामही त्यांचाच. मी म्हणतो, 'काका, दहातले सहा.'

ते जरा गप्प बसतात. 'बरं. मग अर्ध्या रानात टाकतो.'

पगार बंद आहे, कर्जाचे हप्ते चालू आहेत. पण आकड्याचा असा उपयोग होताना मी ऑफिसात कधी पाहिला नव्हता.