आंद्रो म्हणजे मी जाईन

गेले चार महिने आमच्या घरात इटालियन भाषेचा भविष्यकाळ घोकला जातोय. घर नारपोलीत. खाली यंत्रमागाचा कारखाना, वर आम्ही. घोकणारी माझी भाची. कापडाच्या शाखेतून इंजिनिअर झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिनं इटलीत अर्ज केलाय. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बरेच अभ्यासक्रम इंग्रजीत चालतात आणि घरचं उत्पन्न पाहून शिष्यवृत्तीही मिळू शकते, हे तिचं तिनंच शोधून काढलं. पण वर्गाबाहेर पडलं की भाजीवाला, घरमालक, डॉक्टर, सगळे इटालियनच बोलणार. म्हणून ती भाषा शिकतेय. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे पाठांतर घेण्याचं काम खालाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. ते घेता घेता थोडी इटालियन मलाही आली.

या काळाला तिकडे ‘फुतूरो सेम्प्लिचे’ म्हणतात, म्हणजे साधा भविष्यकाळ. ‘पार्लारे’ म्हणजे बोलणे. त्याची रूपं अशी: पार्लेरो, पार्लेराइ, पार्लेरा, पार्लेरेमो, पार्लेरेते, पार्लेरान्नो. आपल्याकडे बोलेन, बोलशील, बोलेल, बोलू, बोलाल, बोलतील. सहाला सहा. आपल्यासारखंच क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं कोण बोलतंय ते, ‘मी’ वेगळा लावावा लागत नाही. काही क्रियापदं मात्र सरळ चालत नाहीत. ‘आंदारे’ म्हणजे जाणे, त्याचं होतं ‘आंद्रो’. ‘वेनिरे’ म्हणजे येणे, त्याचं ‘वेर्रो’. ‘एस्सेरे’ म्हणजे असणे, त्याचं ‘सारो’. ती पाठच करावी लागतात.

भाचीला रूपं लवकर आली, आघात येईना. ‘मी’ आणि ‘तो-ती’च्या रूपांत सगळा जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा असतो, लिहिताना वर एक छोटी रेघही देतात. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलत नाही. तिकडे बदलतो. ‘पार्लो’ म्हणताना जोर आधी दिला तर ‘मी बोलते’, शेवटी दिला तर ‘तो बोलला’. यावर उपाय खालच्या कारखान्यानंच दिला. मागांच्या खटखटीवर राहणाऱ्या माणसांना हाक मारताना शेवटचं अक्षर ओढायची सवय असते. ‘अम्मीऽ’, ‘चाय लायाऽ’. मी तिला म्हटलं, गॅलरीतून खाली हाक मारतेस तसं म्हण. त्या रात्री ‘आंद्रो’ बरोबर आलं.

शिकवणाऱ्या बाईला जास्त मौज वाटली ती या प्रत्ययांच्या जन्माची. लॅटिनचा जुना भविष्यकाळ बोलीतून मागे पडला आणि लोक ‘बोलणे माझ्याकडे आहे’ अशा धाटणीनं बोलू लागले. तो ‘माझ्याकडे आहे’ झिजून क्रियापदाला चिकटला, त्याचाच झाला ‘रो’. आपण ‘मला बोलायचं आहे’ म्हणतो, त्याच्याच जवळचं. उर्दूच्या ‘जाऊंगी’मधला ‘गी’ मात्र ‘गया-गई’च्या घरातला आहे, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. एकीनं पुढचं सांगायला ‘असणं’ घेतलं, दुसरीनं ‘जाणं’.

अंदाज करायलाही ते हाच काळ वापरतात. ‘सारान्नो ले ओत्तो’ याचा शब्दशः अर्थ ‘आठ असतील’. म्हणजे आत्ता आठ वाजले असतील. हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. उलट उद्याच्या ठरलेल्या कामाला ते बोलताना सरळ वर्तमानकाळ वापरतात, आपण ‘उद्या जाते’ म्हणतो तसा. मग साधा भविष्यकाळ उरतो कशाला? अंदाजाला, लांबच्या गोष्टींना आणि वचनाला.

आता लिंगाची गोष्ट. ‘मी गेलो’, ‘मी गेले’. इटालियनमध्येही ‘सोनो आंदातो’, ‘सोनो आंदाता’. गेलेला पुरुष की बाई, हे सांगावंच लागतं. भविष्यकाळात मात्र ‘मी जाईन’ आणि ‘आंद्रो’ दोघांनाही सारखंच. वर्षानुवर्षं वर्गात ‘जाईन, जाशील, जाईल’ फळ्यावर लिहिलं, पण या नजरेनं पाहिलं ते या पाठांतरात. मराठी भूतकाळात आणि वर्तमानकाळात विचारते, तू बाई की पुरुष? भविष्यकाळात विचारत नाही. घरात आम्ही बोलतो त्या उर्दूत ही सवलत नाही. ‘जाऊंगा’ वेगळं, ‘जाऊंगी’ वेगळं.

एका धड्यात ‘लान्नो प्रोस्सिमो’, म्हणजे पुढच्या वर्षी, असं सुरू करून दहा वाक्यं लिहायची होती. भाचीनं लिहिलं: पुढच्या वर्षी मी एकटी राहीन. मी भाडं भरीन. मी माझं जेवण बनवीन. रात्री उशिराच्या गाडीनं खोलीवर परत येईन. वाचताना आवाज मोठा होता. शेजारी कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आपानं, तिच्या आईनं विचारलं, “क्या पढ रही है?” भाचीनं पहिलं वाक्य उर्दूत सांगितलं, “अकेली रहूंगी.” पुढची सांगितली नाहीत. आपाच्या हातातली घडी थांबली होती.

आमच्या घरात तिच्या भविष्याबद्दल कमी बोललं जातं असं नाही. रोज बोललं जातं. पण ते ‘बघू’, ‘होईल’, ‘आधी निकाहचं ठरू दे’ असं असतं. त्या वाक्यांत ती कर्म असते किंवा नसतेच. कर्ता कोण, ते कळत नाही. दूल्हाभाई प्रेमळ माणूस. कर्ज काढून त्यांनी मुलीला शिकवलं. पण तिनं इटलीचा विषय काढला की ‘इन्शाअल्लाह’ म्हणून उठतात. आमच्याकडच्या मुलींना हा ‘इन्शाअल्लाह’ ओळखता येतो. तो नकार असतो, फक्त भांडण न करता दिलेला.

मला हे खटकतं ते श्रद्धेच्या बाजूनंच. सूरह कहफमध्ये सांगितलंय की उद्या मी अमुक करीन असं म्हणताना अल्लाहची मर्जी जोडल्याशिवाय म्हणू नये. यात आधी कुणीतरी ‘मी करीन’ म्हणणारं गृहीत धरलेलं आहे. इरादा माणसाचा, पूर्तता त्याच्या हाती. क्रियापद गाळून नुसतं ‘इन्शाअल्लाह’ म्हणायचं म्हणजे आपला वाटा न उचलता सगळं त्याच्यावर सोडायचं. हे मी दूल्हाभाईंना एका रविवारी चहा घेताना सांगितलं. ते हसले, म्हणाले, “तुम उस्तानी लोग ग्रामर में सब को पकडते.” उठून मात्र गेले नाहीत. इटलीत कापड कुठं होतं, असं त्यांनी विचारलं.

मग भाचीनं त्यांना प्रातो शहराबद्दल सांगितलं. फ्लॉरेन्सजवळचं हे शहर मध्ययुगापासून कापडावर जगतं. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्यासाठी ते प्रसिद्ध आहे. कापसाला इटालियनमध्ये ‘कोतोने’ म्हणतात, ते अरबी ‘कुत्न’वरून. गोदामाला ‘मागाझ्झिनो’, ते अरबी ‘मखजन’वरून, आपला ‘खजिना’ही त्याच कुळातला. दूल्हाभाई म्हणाले, “रुई और गोदाम? ये तो भिवंडीच हुई.” ज्या भागात मागांचे कारखाने बंद होऊन गोदामं वाढताना त्यांनी पाहिलीत, तिथल्या माणसाला हे दोन शब्द समजावून सांगावे लागले नाहीत.

विद्यापीठाचं उत्तर अजून यायचंय. नंतर शिष्यवृत्ती, व्हिसा, पैशांची जुळवाजुळव. यातलं काहीही अडू शकतं. पण परवा जिन्यात शेजारणीनं आपाला विचारलं, मुलीचं काय ठरलं? मी मागेच होते. नेहमीचं ‘बघू’ येईल असं वाटलं. आपा म्हणाली, “जाएगी, इन्शाअल्लाह.” क्रियापद आधी आलं. आणि उर्दूत होतं म्हणून जाणारी मुलगी आहे, हेही शेजारणीला स्पष्ट ऐकू गेलं.