फळीवर न मावलेलं घर

मे महिन्यात वन्संकडे पुण्याला गेलो होतो. या खेपेला आमच्या चौथीतल्या चिरंजीवांच्या हट्टाखातर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. भाऊ जोशी यांनी हौसेनं उभं केलेलं हे संग्रहालय 1998 साली लोकांसाठी खुलं झालं. एवढंसं शहर मांडलंय, त्यातून गाड्या धावतात. सिग्नल आहेत, पूल आहेत, दिव्यांचे खांब आहेत, सर्कससुद्धा आहे! मैत्रिणींनो, आपण जातो आगगाडी बघायला आणि नजर खिळते भोवतालच्या पसाऱ्यावर. गाडी काय, येते नि जाते.

बरोबर मामंजी होते. निवृत्त स्टेशन मास्तर, एरवी बोलायला लागले की थांबत नाहीत, पण तिथं अगदी गप्प. परतताना रिक्षात एवढंच म्हणाले, "आपलं स्टेशन करता येईल."

आपलं म्हणजे कुर्डुवाडी-मिरज नॅरोगेज लाइनवरचं एक आडबाजूचं स्टेशन. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, आणि वाढत वाढत 1927 मध्ये मिरजेला पोचली. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. आता ती सगळी लाइन ब्रॉडगेज झाली आहे. मामंजींचं कौलारू स्टेशन काही राहिलं नाही.

सोलापूरला परत आल्यावर चार फूट बाय दोन फुटांची फळी आली आणि दिवाणखान्यातली माझी शिवणाची जागा गेली. माप ठरलं एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खऱ्या वस्तूचे 87 भाग करायचे नि त्यातला एक घ्यायचा. अडीच फुटांचा रूळ मग 9 मिलिमीटरचा होतो, तसा विकत मिळतो. साडेपाच फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर. चिरंजीवांनी आपली खेळण्यातली एस.टी. आणून ठेवली, तर ती स्टेशनच्या कौलांवरून डोकावायला लागली! दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा मावळा मोठा चालतो हो, कोणी विचारत नाही. इथं मामंजी फूटपट्टी घेऊन बसलेले. पुठ्ठ्याची नवी एस.टी. केली, बारा सेंटिमीटरची.

बाकी सामान मात्र स्वयंपाकघरातूनच निघालं. चहाचा चोथा धुऊन उन्हात कडकडीत वाळवला, की तिकडची रखरखीत जमीन हुबेहूब. (नीट वाळवा, नाहीतर बुरशी येते. आमची पहिली खेप फुकट गेली.) भांडी घासायची हिरवी घासणी कातरून झुडपं केली. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला, त्यावर गेरू फासला, झाली कौलं. कोटाची दोन बटणं बैलगाडीची चाकं झाली. बैल आणि शेळ्या मीठ घालून घट्ट मळलेल्या कणकेच्या. शेळी आठ मिलिमीटरची. चार पाय करताना माझी शंभरदा खोड मोडली, शेवटी बसलेल्याच शेळ्या केल्या.

स्टेशन, मालधक्का, सिग्नल, बाभळी, सगळं झालं. सासूबाई रोज येता-जाता बघायच्या. एका संध्याकाळी विचारलं, "क्वार्टर कुठाय?"

मामंजी म्हणाले, "क्वार्टर स्टेशनामागं चाळीस पावलांवर होतं. मापानं चौतीस सेंटिमीटर येतं. फळी पंधरालाच संपते. बसत नाही."

"मी सहा वर्षं काढली तिथं," सासूबाई म्हणाल्या. "हे तिथं जन्मले. आणि बसत नाही?"

मी मध्ये पडून म्हटलं, जवळच ठेवू या, कोणाला कळतंय? तर मामंजी नाही म्हणाले. खोटं दाखवायचं नाही. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. दोन दिवस घरात ताटं वाजत होती, बोलणं नव्हतं. मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर सासूबाईंनी माळ्यावरचा जुना पाट काढला होता, लग्नातला. फळीच्या मागच्या कडेला पुस्तकांच्या चळतीवर तो समपातळीत लावून त्या मामंजींना म्हणाल्या, "मोजा आता."

मोजलं. चौतीसला पाट संपत नव्हता.

मग क्वार्टर झालं. एक खोली, पडवी, खोडरबराच्या तुकड्याचं तुळशीवृंदावन. दाराशी रांजण हवाच, असा सासूबाईंचा आग्रह. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरची गर्दी लोटायची, बायका लेकरं घेऊन त्यांच्या दाराशी पाणी मागायला यायच्या. म्हणाल्या, "पाणी मी लांबून विहिरीवरून आणायची. पण कुणाला नाही म्हटलं नाही." रांजणाचं माप काढलं तर ते हरभऱ्याच्या दाण्याएवढं निघालं. एक हरभरा रंगवून चिकटवला.

मामंजींनी पत्र्याची टोपी घातलेला मास्तर फलाटावर उभा केला होता, हातात हिरवं निशाण. सासूबाईंची बाई त्यांनी रांजणापाशी ठेवली. सासूबाईंनी ती उचलून चाळीस पावलांच्या मधोमध आणली, डोक्यावर कळशी, तोंड घराकडे.

"इथं असायची मी," म्हणाल्या. "तुमची गाडी यायच्या वेळेला."